एनएमएस बदलताना: नॉकमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या एखाद्या मॅनेज्ड सर्व्हिसेस कंपनीत नॉकला, म्हणजे क्लायंटच्या नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या विभागात, लागलात, की वर्ष-दोन वर्षांत एक प्रोजेक्ट हमखास वाट्याला येतो. क्लायंटचं जुनं एनएमएस, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवून अलर्ट देणारं सॉफ्टवेअर, काढायचं आणि नवं बसवायचं. कारणं बहुतेक ठरलेली. रिन्युअलचा आकडा ऐकून क्लायंटच्या फायनान्सने हात वर केलेले असतात, जुन्या प्रॉडक्टचा सपोर्ट संपत आलेला असतो, नाहीतर मुख्य कार्यालयाने सगळीकडे एकच टूल वापरायचं ठरवलेलं असतं. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्स ओरायन या एनएमएसच्या अधिकृत अपडेटमधूनच मालवेअर पसरल्याचं उघड झालं, तेव्हापासून सिक्युरिटी टीमही या विषयात लक्ष घालते. घालायलाच हवं, सगळ्या राउटर-स्विचचे पासवर्ड एकाच ठिकाणी सापडतील असा सर्व्हर हाच.

नव्या मुलांना अशा प्रोजेक्टमध्ये एक्सेल शीट भरायला बसवतात. "सर, सीसीएनएचा कोर्स करून डेटा एन्ट्रीच करायची का?" हा प्रश्न मी प्रत्येक बॅचकडून ऐकतो. माझं मत विचाराल तर अख्खा प्रोजेक्ट तरतो किंवा बुडतो तो त्या शीटवर. नव्या टूलचं इन्स्टॉलेशन व्हेंडरचा माणूस दोन दिवसांत करून जातो. जुन्या टूलमध्ये वर्षानुवर्षं काय काय साठलंय आणि त्यातलं कोण काय वापरतं, हे मात्र त्याला कोणीच सांगू शकत नाही.

एनएमएस बंद असलं तरी पॅकेट जातच राहतात. राउटरला त्याचं सोयरसुतक नसतं. फरक इतकाच, की लिंक पडली हे आपल्याला क्लायंटच्या फोनवरून कळतं, आणि नॉकसाठी यापेक्षा लाजिरवाणं काही नाही. त्यामुळे कमीत कमी व्यत्यय याचा अर्थ आपल्या कामात इतकाच: एकही खरा अलर्ट हुकू नये, आणि खोट्या अलर्टचा पूर येऊन शिफ्टवरच्या मुलांनी मेलबॉक्स म्यूट करू नये. दुसरा धोका पहिल्याहून मोठा, कारण तो कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही.

शीटची सुरुवात डिव्हाइसपासून करायची अशी रीत आहे. मी माणसांपासून करायला लावतो. जुन्या टूलची युजर लिस्ट काढा, शेवटचं लॉगिन कधीचं ते बघा, शेड्यूल केलेले रिपोर्ट कोणाच्या मेलवर जातात ते बघा, आणि एकेकाला फोन करून विचारा. एका क्लायंटकडे असं विचारत गेलो तेव्हा कळलं, की दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक लिंक-अपटाइम रिपोर्ट अकाउंट्समधल्या एका मॅडमना जातो. नेटवर्क टीममधल्या कोणालाच हे माहीत नव्हतं. मॅडम त्यावरून इंटरनेट प्रोव्हायडरच्या बिलातून एसएलएची, म्हणजे करारातली अपटाइमची हमी न पाळल्याबद्दलची, वजावट करत होत्या. तो रिपोर्ट बंद पडला असता तर नेटवर्कवाल्यांपैकी कोणाच्या लक्षातही आलं नसतं. बिलाचे पैसे मात्र गेले असते.

हाच रिपोर्ट पुढे आणखी खोलात घेऊन गेला. ९९.५ टक्के अपटाइमची अट असेल तर ३० दिवसांच्या महिन्यात ३ तास ३६ मिनिटं लिंक बंद राहिलेली चालते. जुनं टूल दर ५ मिनिटांनी तपासत होतं, नवं दर मिनिटाला. दोन मिनिटं पडून उठलेली लिंक जुन्याला बहुतेक वेळा दिसायचीच नाही, नव्याला दर वेळी दिसते. म्हणजे लिंक तीच, महिना तोच, आणि दोन टूलचे आकडे वेगळे. प्रोव्हायडर लगेच म्हणणार, तुमचं नवं टूल चुकतंय. म्हणून कटओव्हरच्या, म्हणजे जुन्यावरून नव्या टूलवर जाण्याच्या, आधीच करारात मोजणी कशी धरली आहे ते वाचून घ्यावं, आणि दोन्ही टूलचा एक अख्खा महिना शेजारी शेजारी ठेवून अकाउंट्स आणि प्रोव्हायडर दोघांनाही दाखवावा. करार वाचायचं काम कोणी स्वतःहून करत नाही. तुम्ही करा, पुढच्या मीटिंगला तुम्हाला बोलावतील.

आता डिव्हाइसकडे. नव्या सर्व्हरने पोलिंग, म्हणजे ठरावीक वेळाने डिव्हाइसना आकडे विचारणं, सुरू करण्याआधी प्रत्येक डिव्हाइसने त्याला ओळखायला हवं. नीट बांधलेल्या नेटवर्कमध्ये एसएनएमपीवर (हे आकडे विचारायच्या प्रोटोकॉलवर) एसीएल, म्हणजे परवानगी असलेल्या आयपींची यादी, असते आणि तीत फक्त जुन्या सर्व्हरचा आयपी असतो. तिथे नवा आयपी वाढवायचा. जुना काढायचा नाही. मधल्या फायरवॉलवर पोलिंगसाठी यूडीपी १६१, ट्रॅपसाठी (डिव्हाइस स्वतःहून पाठवतो त्या सूचना) १६२, सिसलॉगसाठी (डिव्हाइसचे लॉग) ५१४ उघडायचे. ट्रॅप आणि सिसलॉगला दुसरा होस्ट जोडला की डिव्हाइस दोघांनाही पाठवतो. नेटफ्लोमध्ये (कोणाकडून कोणाकडे किती ट्रॅफिक गेलं याच्या नोंदी) जरा कटकट असते, कारण काही डिव्हाइस एकाच कलेक्टरला पाठवू शकतात; तिथे मध्ये एक रिप्लिकेटर ठेवून प्रवाह दोघांना वाटावा लागतो.

प्रत्येक डिव्हाइसला हात लावतोच आहोत, तर एसएनएमपीच्या व्हर्जन ३ चा युजरही त्याच वेळी टाकून घ्यावा, या मताचा मी आहे. जुनं टूल व्हर्जन २सी वर जसं चाललंय तसं चालू द्या, नवं पहिल्या दिवसापासून व्हर्जन ३ वर उभं करा. म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलावं लागत नाही. फक्त एन्क्रिप्शन निवडताना जपून. व्हर्जन ३ मध्ये २००४ साली प्रमाणित झालं ते १२८ बिटांचं एईएस. २५६ बिटांचं एईएस बरेच व्हेंडर देतात, पण प्रत्येकाची पद्धत जुळेलच असं नाही. मग युजर बरोबर, पासवर्ड बरोबर, आणि तरी उत्तर येत नाही. म्हणून प्रत्येक मॉडेलचा एक-एक डिव्हाइस आधी एसएनएमपीवॉक ही कमांड मारून तपासायचा, मगच बाकीच्यांना कॉन्फिगरेशन ढकलायचं.

पॅरलल रनमध्ये, म्हणजे जुनं आणि नवं टूल एकत्र चालवण्याच्या काळात, दोन सर्व्हर एकाच स्विचला प्रश्न विचारतात, याचा भार कोणी मोजत नाही. मोजायला सोपा आहे. ४८ पोर्टचा स्विच, प्रत्येक पोर्टची आठेक मूल्यं, म्हणजे एका फेरीला ३८४. असे ५०० स्विच आणि ५ मिनिटांचं पोलिंग धरलं तर सेकंदाला ६४० मूल्यं होतात. तेच एका मिनिटावर आणलं की ३,२००. नव्या सर्व्हरची डिस्क त्या हिशेबाने हवी, आणि जुन्या स्विचचा सीपीयू हे सोसतोय का ते पहिल्याच साइटवर बघायला हवं. सगळं मिनिटाला तपासायची हौस असते. डब्ल्यूएएन लिंक (शाखांना जोडणाऱ्या) आणि कोअर (मधले मुख्य डिव्हाइस) मिनिटाला, बाकी अ‍ॅक्सेस पोर्ट ५ मिनिटांना, एवढं पुरतं.

पहिली साइट निवडताना एकच निकष लावतो: तिथे पोचता यायला हवं. ऑफिस रबाळ्याला असेल तर घणसोलीची किंवा वागळे इस्टेटची शाखा घ्या, नागपूरची नको. काही अडलं तर ट्रान्स-हार्बर लोकल पकडून अर्ध्या-पाऊण तासात कन्सोल केबल लावता येते. पुढच्या टप्प्यांत साइट अख्खी उचलायची. आधी सगळे राउटर, मग सगळे स्विच असं केलं, की पॅरेंट-चाइल्डची, म्हणजे कोणता डिव्हाइस कोणाच्या मागे आहे याची, बांधणी तुटते. मग राउटर पडल्यावर त्यामागच्या प्रत्येक स्विचचा वेगळा अलर्ट येतो आणि वीस तिकिटं उघडतात.

आता खरं काम, पॅरलल रन. या काळात नव्या टूलचे अलर्ट तिकीट सिस्टिमला जोडायचे नाहीत, एका वेगळ्या मेलबॉक्समध्ये घ्यायचे. रोज सकाळी शिफ्ट बदलताना दोन्ही याद्या समोरासमोर धरायच्या. जुन्याने ओरडलं आणि नवं गप्प राहिलं, असे सगळ्यात आधी. त्यामागे बहुधा राहिलेला डिव्हाइस, न पोचलेला ट्रॅप किंवा वेगळा थ्रेशोल्ड (अलर्ट कधी द्यायचा ती मर्यादा) असतो. मग नव्याने ओरडलं आणि जुनं गप्प, असे. यातले काही खरे दोष असतात, जे जुन्याला कधी दिसलेच नव्हते. बाकीचे नव्या टूलच्या डिफॉल्ट थ्रेशोल्डचे प्रताप. दोघांनी ओरडलं पण वेळेत फरक आहे, असे शेवटी. जुनं टूल तीन पिंग हुकल्यावर डाउन म्हणत असेल आणि नवं एकावर, तर हा फरक दिसणारच. प्रत्येक ओळीपुढे कारण लिहायचं. कारण सापडेना तर "तपास चालू" लिहायचं, ओळ पुसायची नाही.

ही तुलना करताना एसएनएमपी जितकं समजतं तितकं कुठल्याही क्लासमध्ये समजत नाही. एक उदाहरण: नव्या टूलने मध्यरात्री एका स्विचचा रीबूट अलर्ट दिला, स्विच मात्र जागचा हललेला नव्हता. सिस-अपटाइम (डिव्हाइस किती वेळ चालू आहे ते) हा ३२ बिटांचा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतो आणि सुमारे ४९७ दिवसांनी शून्यावर येतो. टूलला वाटतं, डिव्हाइस रीस्टार्ट झाला. तसंच ट्रॅफिकचं. १ जीबीपीएसची लिंक पूर्ण भरून वाहत असेल, तर ३२ बिटांचा काउंटर सुमारे ३४ सेकंदांत एक फेरी पूर्ण करतो. ५ मिनिटांच्या पोलिंगला तो किती वेळा फिरला ते कळायला मार्गच नाही. त्यासाठी ६४ बिटांचे काउंटर आहेत, आणि ते व्हर्जन १ वर मिळत नाहीत. एखाद्या जुन्या डिव्हाइसचा ग्राफ दोन टूलमध्ये जुळत नसेल तर आधी हे तपासा. दुसरी शंका घ्यायची ती इंटरफेस इंडेक्सची: काही डिव्हाइसवर रीबूटनंतर पोर्टचे इंडेक्स बदलतात आणि एका पोर्टचा ग्राफ दुसऱ्याच्या नावावर चढतो. इंडेक्स कायम ठेवायची कमांड बहुतेक व्हेंडर देतात.

हे सगळं घरी करून बघता येतं. झॅबिक्स आणि लिब्रेएनएमएस ही दोन्ही टूल फुकट आणि ओपन सोर्स आहेत. जीएनएस३ या सिम्युलेटरमध्ये दोन-चार राउटर उभे करा, दोन्ही टूल त्यांच्यावर सोडा, एक इंटरफेस बंद करा, आणि कोणाला आधी आणि कशाने कळलं ते बघा, पोलने की ट्रॅपने. इंटरव्ह्यूत मी हाच प्रश्न विचारतो. पाठ केलेलं उत्तर आणि स्वतः बघितलेलं उत्तर यांतला फरक दुसऱ्या वाक्यातच कळतो.

जुना इतिहास नव्यात आणायचा का, यावर मीटिंगांमागून मीटिंगा होतात. माझं उत्तर सहसा नाही. आरआरडी या ठरावीक आकाराच्या डेटाबेसवर चालणारी टूल जुने आकडे सरासरी काढून आकसतात, झॅबिक्स तासाचं किमान, कमाल आणि सरासरी ठेवतं. एकाचं दुसऱ्यात ओतून बनलेला ग्राफ दिसतो छान, पण त्यावर निर्णय घेता येत नाही. जुना सर्व्हर रीड-ओन्ली करून ठेवावा. त्यावरच सिसलॉग साठत असेल तर तसंही लगेच पुसता येत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस, आणि तेही भारताच्या हद्दीत, ठेवावे लागतात.

वेळेचं गणित आपल्याकडे पावसाशी बांधलेलं आहे. जून-जुलैत कुठे ना कुठे फायबर तुटतं, वीज जाते, टॉवरवरची लिंक ओली होऊन हेलकावे खाते. पॅरलल रनला यासारखा काळ नाही. खरे अलर्ट भरपूर मिळतात. कटओव्हर मात्र पाऊस ओसरल्यावर आणि दिवाळीच्या आधी उरकावा. मार्चअखेरीला हात लावायचा विचारही करू नका, क्लायंटचा फ्रीझ (बदलांना बंदी) असतो.

कटओव्हरची रात्र, सगळं आधी नीट केलं असेल तर, कंटाळवाणी जाते. तिकीट सिस्टिमचा धागा जुन्यातून काढून नव्याला जोडायचा, चाचणीसाठी एक बिनमहत्त्वाचा पोर्ट पाडायचा, तिकीट उघडलं का आणि योग्य गटाकडे गेलं का ते बघायचं. रोलबॅक म्हणजे तोच धागा परत जुन्याला जोडणं. त्याचा निर्णय कोणी आणि किती वाजेपर्यंत घ्यायचा, हे एमओपीत (कामाच्या पायऱ्या लिहिलेल्या कागदात) नावानिशी लिहिलेलं असावं. शेवटची लोकल गेलेली असते, तेव्हा कंपनीची कॅब आधीच बुक करून ठेवा. हे एमओपीत कोणी लिहीत नाही.

जुना सर्व्हर बंद केल्यावर डिव्हाइसवरचा त्याचा आयपी, त्याची कम्युनिटी स्ट्रिंग (व्हर्जन २सी चा पासवर्डच), ट्रॅप होस्ट, फायरवॉलचे नियम, सर्व्हिस अकाउंट हे सगळं काढायचं असतं आणि हेच काम सगळ्यात जास्त रेंगाळतं, कारण प्रोजेक्ट बंद झालेला असतो. काढण्याआधी एसीएलमधल्या जुन्या नोंदींचे हिट काउंटर बघा. जुना सर्व्हर बंद असूनही ते वाढत असतील, तर त्या यादीत कोणाची तरी स्क्रिप्ट किंवा दुसरं टूल गुपचूप बसलेलं आहे. आणि जुना आयपी लगेच दुसऱ्या मशिनला देऊ नका. काही आठवडे त्या पत्त्यावर एक साधं लिनक्स मशिन ठेवा, १६२ आणि ५१४ वर पॅकेट कॅप्चर लावा. तिथे अजूनही ज्यांचे ट्रॅप येतात, ते डिव्हाइस तुमच्या शीटमध्ये नाहीत.