प्रार्थनाकीटकाची अंडी हिवाळ्यातून कशी तगवावीत

बागेतला प्रार्थनाकीटक, म्हणजेच खंडोबाचा किडा, थंडीत वाचवायचा असेल तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते: जिथे हिवाळ्यात गोठवणारी थंडी पडते, तिथे पूर्ण वाढ झालेला कीटक सहसा वसंत ऋतू पाहत नाही. तगून राहतात ती त्याची अंडी, आणि त्यांना आपल्या मदतीपेक्षा आपल्या हस्तक्षेपापासून बचावाचीच अधिक गरज असते.

मादी शरद ऋतूत एखाद्या काटकीवर, कुंपणावर किंवा भिंतीच्या खाचेत फेसाळ द्रव सोडून त्यातच अंडी घालते. हा फेस वाळला की तपकिरी, हलका, स्पंजासारखा कोश तयार होतो. चिनी प्रार्थनाकीटकाचा कोश फुगीर आणि साधारण अडीच सेंटिमीटर लांबीचा असतो, तर कॅरोलिना जातीचा कोश चपटा, लांबट आणि काटकीला चिकटून बसलेला दिसतो. कोशात हवेच्या असंख्य पोकळ्या असल्यामुळे आतली अंडी थंडी आणि पाऊस बऱ्यापैकी सोसतात. म्हणून त्यावर कापड गुंडाळू नये आणि साचलेला बर्फही झटकत बसू नये.

कोशाचा सर्वांत मोठा घात होतो तो छाटणीच्या कात्रीने. वाळलेली झुडपे हिवाळ्यात कापण्याआधी फांद्या एकेक करून न्याहाळाव्यात. जमत असेल तर छाटणी वसंतापर्यंत लांबवावी, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. कोश असलेली फांदी कापली गेलीच, तर कोश खरवडून न काढता काटकीसकट घ्यावा आणि जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीवर, दाट झुडपाच्या आतल्या बाजूला सुतळीने बांधावा. कोशाच्या मधोमध लांबवर गेलेल्या पट्टीतून पुढे पिल्ले बाहेर पडतात, त्यामुळे बांधताना ती पट्टी मोकळी ठेवावी आणि कोशाची दिशा पूर्वीसारखीच राहू द्यावी. जमिनीवर टाकलेल्या कोशावर मुंग्या आणि उंदीर लवकर पोहोचतात. पक्षी टोचत असतील तर भोवती सैल जाळी लावावी, मात्र ऊब येण्याआधी ती आठवणीने काढावी. कोशावर बारीक गोल भोके दिसली, तर पोडाग्रियॉन नावाच्या परजीवी गांधीलमाशीने आतली अंडी खाल्ली असण्याची शक्यता असते. त्यावर तेव्हा उपाय नसतो.

दुसरी चूक मायेपोटी होते. थंडीत कुडकुडेल म्हणून कोश घरात आणला की उबेमुळे काही आठवड्यांतच त्यातून शेकडो पिल्ले बाहेर पडू शकतात, आणि बाहेर त्यांच्या तोंडात मावेल असा एकही किडा नसतो. ती एकमेकांना खाऊ लागतात. बाहेर जागाच नसेल तर कोश भोके पाडलेल्या डब्यात, ओलसर कागदाच्या तुकड्यासह, फ्रीजमध्ये ठेवावा, फ्रीझरमध्ये नव्हे. कागद अधूनमधून ओला करावा, कारण फ्रीजची कोरडी हवा अंडी सुकवते.

थंडीने मंदावलेला प्रौढ कीटक घरात आणून आणखी काही आठवडे जगवता येतो. त्यासाठी जाळीदार डबा, आत उभी काटकी, दोन-तीन दिवसांनी एखादी माशी किंवा रातकिडा आणि जाळीवर पाण्याचा हलका फवारा एवढे पुरते. मादीने तिथेच अंडी घातली तर ती काटकी लगेच बाहेर बांधावी. मादीचे मीलन झालेले नसेल तर अशा कोशातून बहुधा काही निघत नाही.

विकत आणलेले कोश बागेत लावण्याच्या मी विरोधात आहे. उत्तर अमेरिकेत विकले जाणारे कोश बहुतेक चिनी जातीचे असतात. ही जात तिथे 1896च्या सुमारास पोहोचली आणि स्थानिक प्रार्थनाकीटकांनाही खाते. बागेत जे आहे तेच जपावे.

वसंतात झाडावर मावा दिसू लागला तरी कीटकनाशक फवारू नये. एखाद्या उबदार सकाळी पट्टीतून फिकट, डासाएवढी पिल्ले बारीक तंतूंना लटकत बाहेर येतात आणि पहिली कात टाकून काही तासांत पांगतात. मागे राहिलेल्या कोशावर वाळलेल्या तंतूंचा झुपका दिसतो. तो कोश काढून टाकावा, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात भरलेला समजून आपण रिकामाच कोश जपत बसतो.