रविवारी सॉस करायचाय? मग गुरुवारीच कामाला लागा

गच्चीवरचे टोमॅटो आपल्या सोयीने पिकत नाहीत. आज चार, परवा सहा. म्हणून रंग धरला की तोडून घरात आणा, झाडावर लालबुंद व्हायची वाट बघाल तर बुलबुल आधी चाखून जातील. टोपलीत देठाची बाजू खाली करून एका थरात मांडा आणि फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नका, चव मरते. रोज एकदा उलटून बघा. मुंबईच्या दमट हवेत एक डागाळला की शेजारचाही जातो.

दोन किलो जमल्याशिवाय गॅस पेटवण्यात अर्थ नाही. दोन किलोचा आटून जेमतेम पाऊण लिटर होतो. कमी पडत असतील तर मंडईतून अर्धा किलो आणा, पण दाबून बघा. नारायणगावाहून येणारा माल प्रवास सोसणारा, जाड सालीचा असतो; दोन दिवस घरात ठेवून मऊ होऊ द्यावा लागतो. आणि फार लांबवू नका. मार्च उलटला की मुंबईच्या रात्री तापतात, फुलं गळतात, मग पुढचे टोमॅटो विसराच.

शनिवारी भांडी काढा. जाड बुडाचं, पसरट, स्टीलचं पातेलं हवं. ॲल्युमिनियम नको, कल्हई उडालेलं पितळ तर मुळीच नको, आंबटाने भांडं खाल्लं जातं आणि सॉसला धातूची चव येते. पसरट अशासाठी, की वाफ जितकी मोकळी तितका सॉस लवकर आटतो. उंच पातेल्यात तुम्ही तासभर जास्त ढवळत बसाल. आणखी एक, स्टीलचं पुरणयंत्र. साल काढायला टोमॅटो उकळत्या पाण्यात बुडवा, गार पाण्यात टाका, हा खटाटोप मी सोडून दिला. शिजवून पुरणयंत्रातून काढले की साल आणि बिया वरच राहतात. फक्त सासूबाईंकडून यंत्र मागताना लसणाचा विषय काढू नका, होळी तोंडावर आहे.

सगळे टोमॅटो आधी चिरून ढीग लावायची सवय असेल तर ती इथे मोडा. चिरल्यावर टोमॅटोतलं एन्झाइम त्यातलं पेक्टिन, म्हणजे सॉसला दाटपणा देणारा घटक, तोडायला लागतं, आणि सॉस पाणचट होतो. पाच-सहा चिरा, लगेच पातेल्यात टाकून मोठ्या आचेवर ठेचा, उकळी फुटली की पुढचे चिरत टाकत जा. म्हणून विळी आणि पातेलं हाताशीच ठेवा. मीठ शेवटी, आटल्यावर खारट झालं तर उपाय नाही. झाला की नाही ते असं बघा: चमचाभर सॉस स्टीलच्या ताटलीत टाका. भोवती पाण्याचं कडं सुटलं तर अजून दहा मिनिटं. ही परीक्षा चुकत नाही.

आता बाटल्या. काचेच्या, नव्या झाकणांच्या, दहा मिनिटं पाण्यात उकळलेल्या. मागच्या वर्षी मी गरम सॉस गार बाटलीत ओतला, तीही ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवून. टक्क आवाज आला आणि दोन तासांची मेहनत मोरीत गेली. तेव्हापासून बाटली गरम, आणि खाली चौपदरी फडकं.

वाण्याकडून लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आणून ठेवा. लिटरला अर्धा चमचा. पिकलेल्या टोमॅटोचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा वाढला की आंबटपणा कमी) कधी कधी ४.६ च्या वर जातो, आणि तिथून पुढे हवाबंद बाटलीत बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात. लसूण-कांदा घातला असेल तर धोका आणखी, कारण त्यांच्यात आंबटपणा नाही. म्हणून लिंबूसत्त्व घातलं तरी सॉस बाहेर फळीवर ठेवायचा नाही. आठवड्यापुरता फ्रिजमध्ये, बाकीचा स्टीलच्या डब्यात फ्रीजरला. डबा काठोकाठ भरू नका, गोठल्यावर फुगतो. तारीख लिहून चिकटवा.

राहिलंच. सॉससाठी काढलेल्यांतला सगळ्यात देखणा, गावठी टोमॅटो पातेल्यात जायच्या आधी बाजूला ठेवा. शिजलेलं बी उगवत नाही. गर आणि बिया वाटीभर पाण्यात दोन-तीन दिवस आंबू द्या, धुवा आणि ताटलीत वाळवा. कागदावर नको, चिकटून बसतात. गणपती उठले की पेरायला लागतील.