मनाली–लेह सायकलवर: किलोमीटर नंतर मोजा, आधी झोपायच्या जागा ठरवा

मनाली–लेह सायकलवर करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, रोज किती किमी मारायचे? मग कोणीतरी एक्सेल शीट काढतं, साधारण पावणेपाचशे किमीला आठने किंवा नऊने भागतं आणि प्लॅन तयार. हा प्लॅन कागदावर मस्त दिसतो आणि अर्ध्या वाटेवरच्या सरचूला पोचेपर्यंत त्याचा पार चुथडा होतो. कारण या रस्त्यावर तुम्ही दिवसा किती चालवलं याला फारसं महत्त्व नाही, रात्री किती उंचीवर झोपलात त्यावर सगळं ठरतं. म्हणून आधी मुक्काम मांडायचे, मग त्यांच्या मधे जे काही किमी पडतील ते पडू द्यायचे. कधी ते ७० पडतील, कधी २०, आणि २० वाला दिवस बघून ग्रुपमधला एखादा कुरकुर करेलच, करू द्या.

चढाचं म्हणाल तर रस्ता अजिबात क्रूर नाहीये. लष्कराचे लोड भरलेले ट्रक वर जावेत म्हणून बांधलेला रस्ता आहे, त्यामुळे चढ लांबलचक पण सौम्य. आपले सह्याद्रीतले काही घाट याच्यापेक्षा जास्त खडे आहेत. वरंधा किंवा ताम्हिणी सामान लादून करत असाल तर पाय तयार आहेत समजा. पायांचं काही नाही, हवेचं आहे. तागलांग ला ('ला' म्हणजे खिंड) ५३२८ मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. इथली धाप ट्रेनिंगने जात नाही, अंगाला वेळ दिला तरच कमी होते.

नियम साधा आहे. ३००० मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं. दिवसा वर चढून खाली येऊन झोपलात तर उत्तमच. हे डोक्यात ठेवून नकाशा बघा.

मनाली २०५० मीटरवर, तिथे दोन रात्री काढा, सायकल जोडा, जरा सोलांगपर्यंत फिरून या. मग रोहतांग. २०२० च्या ऑक्टोबरपासून अटल बोगदा चालू झाला आणि बहुतेक गाड्या त्या नऊ किमीच्या भुयारातून जायला लागल्या, आपण मात्र रोहतांगवरूनच जायचं. एकतर रस्ता पूर्वीपेक्षा बराच शांत झालाय, लेहकडे जाणारे बहुतेक ट्रक आता तिथे नाहीत, आणि दुसरं म्हणजे उंचीची सवय व्हायला याच्याइतकी चांगली सोय नाही. मढीला म्हणजे ३३०० च्या आसपास झोपायचं, दुसऱ्या दिवशी ३९७८ मीटरचा रोहतांग ओलांडायचा आणि पलीकडे कोकसर-सिस्सूला ३१०० च्या आसपास खाली येऊन झोपायचं. बोगद्याने गेलात तर हे सगळं फुकट घालवलंत.

पुढे तांदीला चंद्रा आणि भागा या नद्या भेटतात, तिथला पेट्रोल पंप 'पुढचा पंप ३६५ किमीवर' या पाटीसाठी प्रसिद्ध आहे. सायकलवाल्याला पेट्रोलशी काय घेणं, पण त्या पाटीकडे गांभीर्याने बघा. तांदीपासून आठेक किमीवर केलाँग, तिथे एटीएम, मेडिकल, भाजी, सगळं मिळतं आणि त्यानंतर थेट लेहच्या आसपास. नेटवर्कचा भरवसा नाही म्हणजे यूपीआयचाही नाही, सगळी रोख रक्कम इथेच बरोबर घ्या, तीही सुट्ट्यात. आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लद्दाखमधे चालत नाही, पोस्टपेड लागतं, हे घरूनच बघून निघा.

केलाँग किंवा जिस्पाला दोन रात्री. हा टप्पा लोक हमखास गाळतात कारण अंगात जोर असतो, नदीकाठ सुंदर असतो आणि वाटतं की कशाला उगाच बसून राहायचं. बसा. जिस्पा ३२०० ला आहे आणि पुढचा धाबेवाला मुक्काम झिंगझिंगबार ४२७० ला, म्हणजे एका रात्रीत हजार मीटरची उडी! यावर उपाय म्हणजे मधे पत्सेओला, दीपक तालच्या आसपास, ३८०० च्या जवळ एक रात्र काढणं. तिथे राहायची सोय मिळेलच असं धरून चालू नका, आणि फक्त या एका रात्रीसाठी सुद्धा छोटा तंबू बरोबर असावा असं माझं मत आहे. बरेच जण म्हणतात की सीझनमधे धाबे असतात, तंबूचं ओझं कशाला. पण तंबू नसला की धाबा जिथे असेल तिथेच झोपावं लागतं, मग अंगाला ती उंची झेपो न झेपो.

दारचाला पोलीस चेकपोस्ट आहे, नाव-पत्ता लिहून पुढे जा.

आता झिंगझिंगबार. या जागेबद्दल जरा जास्त बोलतो, कारण अख्ख्या रस्त्यातला खरा निर्णय इथे घ्यायचा असतो. इथे तब्येत बिघडली तर पेडल न मारता, नुसत्या उतारावर दारचा-जिस्पापर्यंत खाली येता येतं. याच्या पुढे ही सोय संपली. ४८९० मीटरचा बारालाचा ला ओलांडून सरचूला (४२९०) उतरलात की दोन्ही बाजूंना खिंडी आहेत, मागे बारालाचा आणि पुढे लाचुंग ला. पांगच्या मुक्कामी (४६००) तर अजूनच अडकलात, मागे लाचुंग ला ५०६० च्या आसपास आणि पुढे तागलांग ला. म्हणजे खाली जायला आधी वर जावं लागतं, आणि आजारी माणसाने नेमकं तेच करायचं नसतं. म्हणून झिंगझिंगबारला सकाळी उठल्यावर स्वतःला आणि सोबत्याला प्रामाणिकपणे विचारायचं: डोकं दुखतंय का, मळमळतंय का, जेवण नकोसं झालंय का, रात्री झोप लागली का. डोकेदुखीसोबत यातलं आणखी काही असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं, आणि वाढलं तर खाली. चालताना तोल जात असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा खोकल्यातून फेस येत असेल तर चर्चा करायचीच नाही, जी गाडी मिळेल ती थांबवून खाली, रात्र असली तरी. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठरवा, सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. आणि ती गोळी खाल्ली म्हणून चढायचा वेग वाढवता येतो अशी समजूत असेल तर ती इथेच सोडा. दारू आणि झोपेच्या गोळ्या लेहला उतरेपर्यंत बंद.

धाब्यांबद्दल. झिंगझिंगबार, भरतपूर, सरचू, पांग, डेबरिंग इथे सीझनपुरते तंबूतले धाबे उभे राहतात. आत कडेकडेने लांब चौथरे असतात, त्यावर गाद्या आणि जाडजूड रजया, संध्याकाळपर्यंत तीच बसायची जागा आणि रात्री तोच पलंग. रीत अशी की जिथे झोपणार तिथेच जेवायचं, शेजारच्या धाब्यात ऑम्लेट दहा रुपयांनी स्वस्त आहे म्हणून तिकडे जाऊन खाल्लंत आणि झोपायला इकडे आलात तर चेहरे बदलतात, आणि ते बरोबरच आहे. राजमा-चावल, मॅगी, पराठा, अंडी, चहा एवढा मेनू. पांगला पाणी साधारण ८५ अंशालाच उकळतं, त्यामुळे कुकर नसेल तर भात कच्चट लागणार, तक्रार करून उपयोग नाही. रजया असतात पण स्वतःची स्लीपिंग बॅग हवीच, रजयांचा वास हे एक कारण आणि सरचूची रात्र हे दुसरं. आत शेगडी किंवा बुखारी (ऊब देणारी बंद चूल) पेटवली असेल तर झोपताना वारा खेळायला कुठेतरी फट आहे ना ते बघून घ्या, लाज वाटू देऊ नका.

सायकल रात्री आत घेऊ द्याल का हे पोचल्या पोचल्या विचारा, जेवण झाल्यावर नको. बहुतेक जण घेऊ देतात, नाहीतर तंबूच्या दोरीला टेकवून चाक आणि फ्रेम लॉक करा. सरचूला मैदानात पर्यटकांचे पलंग-बाथरूमवाले टेंट कॅम्प आहेत, दिसायला झकास, पण वारा सगळा अंगावर आणि जेवणाच्या वेळा त्यांच्या. सकाळी साडेपाचला दोन पराठे बांधून देणारा धाबेवाला सायकलवाल्याला जास्त कामाचा.

सकाळी लवकर निघण्याचं कारण फक्त ऊन नाही. बारालाचाच्या दोन्ही बाजूंना रस्त्यावरून नाले वाहतात, सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी बर्फ वितळून गुडघ्याला लागतं. शिवाय दुपारनंतर वारा सुटतो. नाल्यात उतरताना बूट काढून सँडल घाला, भिजलेले बूट घेऊन ५००० मीटरवर जाणं म्हणजे बोटांचे हाल.

सरचूनंतर गाटा लूप्स, २१ वळणं, नाव ऐकून लोक घाबरतात पण सावकाश चढलं तर ती मजेची आहेत. दम काढतं ते त्याच्या नंतरचं: नकी ला, मग खाली व्हिस्की नाल्याला उतरायचं आणि परत लाचुंग ला चढायचा. सरचू ते पांग एका दिवसात करायचा हट्ट नको, व्हिस्की नाल्यापाशी थांबा, पण तिथली झोप ४७०० च्या आसपास पडते, म्हणून सरचूला बरं वाटत असेल तरच. वाटेत धाबे मिळतील न मिळतील, माणशी चार लिटर पाणी आणि एका जेवणाचं खाणं सोबत ठेवा. पांगहून एक छोटा चढ की मोरे प्लेन्स, ४० एक किमी सपाट पठार, रस्ता सुंदर, पण प्यायचं पाणी नाही म्हणायला हरकत नाही. पांगलाच बाटल्या भरा. कियांग (इथली रानगाढवं) दिसले तर लांबूनच फोटो काढा, मागे सायकल पळवू नका, तुमचीच धाप लागेल. डेबरिंगला झोपून सकाळी तागलांग ला.

तागलांगनंतरचा उतार म्हणजे सगळ्याचं व्याज. रुमत्से, ग्या, लाटो, मिरू, कित्येक दिवसांनी जवाची हिरवी शेतं दिसतात, आणि इथे धाबे संपून घरं सुरू होतात. थेट उपशी गाठायच्या नादात ही गावं सोडू नका, इथल्या होमस्टेत एक रात्र काढाच. नमस्काराला 'जुले' म्हणा, घरातल्या बाईंना आमा-ले, तरुण मुलगी असेल तर आचे-ले, बूट बाहेर. स्वयंपाकघर हीच बैठक असते, खाली गालिच्यावर बसायचं. जेवायला स्क्यू (कणकेच्या गोळ्यांचा रस्सा), थुकपा (नूडल्सचं सूप), सकाळी खंबीर रोटीबरोबर लोणी आणि जर्दाळूचा जॅम. मिठाचा लोण्याचा चहा पहिल्या घोटाला विचित्र लागेल, तिसऱ्या कपाला सवय होते आणि कप रिकामा दिसला की परत भरतात, नको असेल तर भरलेलाच ठेवा. संडास कोरडा असतो, वापरल्यावर फावड्याने माती टाकायची, त्याचं पुढे शेतात खत होतं, म्हणून त्यात पाणी किंवा प्लास्टिक टाकायचं नाही. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिमी पाऊस पडतो, शेती बर्फाच्या पाण्यावर चालते. तेव्हा आंघोळीला एक बादली मिळाली तर त्यातच भागवा, आणि चेन धुवायला घरचं पाणी मागू नका, कोरड्या फडक्याने पुसा.

लेहमधे गेस्टहाऊस ठरवताना फोनवर तीनच गोष्टी विचारा. सायकल तळमजल्यावर बंद जागेत ठेवता येईल का, नाश्ता सातच्या आधी मिळेल का, आणि दोन-तीन दिवस सामान ठेवून बाहेर जाता येईल का. तिन्हीला सरळ 'हो' आलं तर रूममधे टीव्ही आहे की नाही याची चौकशी करू नका. चांगस्पा आणि कारझू भागात घरगुती, बागवाली गेस्टहाऊस भरपूर आहेत. खर्दुंग ला करायचा असेल तर ३९ किमीवर आहे, त्यावर जुन्या पाटीत १८३८० फूट लिहिलेलं बघून जीपीएसशी भांडू नका, खरी उंची ५३५९ मीटर म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर.

कधी जायचं? धाबे साधारण जूनमधे लागतात आणि सप्टेंबर सरता सरता गुंडाळले जातात, रस्ता त्यानंतरही चालू असतो पण झोपायला जागा नसते, हे विसरून ऑक्टोबरचं तिकीट काढू नका. जुलै-ऑगस्टमधे मनालीच्या बाजूला पाऊस आणि दरडी. मला विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, नाले उतरलेले असतात.

सायकलचं थोडक्यात: पावणेदोन ते दोन इंची टायर, पुढे लहान चेनरिंग, मागे ३४ किंवा त्याहून जास्त दातांची चकती, दोन जोड ब्रेक पॅड, डिरेलर (गिअर बदलणारा भाग) अडकवायचा हँगर, चेनचा क्विक लिंक, काही स्पोक. मनालीनंतर नीट सायकल दुकान लेहलाच. परतीचं मात्र जायच्या आधी ठरवा. लेहहून उडणाऱ्या विमानांना विरळ हवेमुळे वजनाची मर्यादा असते, सायकलचा खोका मागे राहू शकतो, म्हणून एअरलाइनशी आधी बोलून घ्या किंवा शेअर टॅक्सीच्या टपावर गोणपाटात गुंडाळून मनालीला परत पाठवा. टपावर बांधताना डिरेलरची बाजू वर ठेवा आणि दोरी स्वतः ओढून बघा, ड्रायव्हर 'हो गया' म्हणाला तरी.