खोल समुद्रातले मासे संध्याकाळी वर येताना कसे पाहावेत

सूर्यास्ताच्या दीड तास आधीच एकोसाउंडरच्या, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यासमोर बसा. सूर्य बुडेपर्यंत थांबलात तर निम्मी मिरवणूक निघून गेलेली असते.

वारंवारता ३८ किलोहर्ट्झ, पल्ला १००० मीटर. २०० किलोहर्ट्झवर चित्र रेखीव येतं, पण तो आवाज दोनेकशे मीटरपलीकडे फारसा पोचत नाही, आणि ही मंडळी दिवसा असतात साधारण ४०० ते ६०० मीटरवर. तिथे जाड आडवा पट्टा दिसेल. त्यात लँटर्नफिश, कोळंबीसारखे जीव, सायफोनोफोर (जेलीफिशचे साखळीसारखे नातलग), सगळीच भेसळ असते; आवाज जोरात परतवतात ते मात्र वायूची पिशवी अंगात असलेले. १९४२ मध्ये पाण्याखालच्या आवाजाचे प्रयोग करणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञांना हा पट्टा दिसला आणि कोडंच पडलं. १९४५ मध्ये सागरी जीवशास्त्रज्ञ मार्टिन जॉन्सन यांनी तो रात्री वर येतो हे दाखवलं.

आता मी खाल्लेली माती. पहिल्याच सफरीत ५०० मीटरवर सुरेख पट्टा पाहून मी वहीत भराभर नोंदी केल्या. अंधार पडला तरी पट्टा ढिम्म. तळ होता २००० मीटरवर आणि पिंग, म्हणजे यंत्राने सोडलेला आवाजाचा ठोका, जात होता दर दोन सेकंदांनी. तळाचा प्रतिध्वनी यायला २.६७ सेकंद लागतात, म्हणजे पुढचा पिंग सुटल्यावर ०.६७ सेकंदांनी तो उगवायचा आणि यंत्र त्याला ५०० मीटरवर मांडायचं! तेव्हापासून मी आधी पिंगमधलं अंतर २.२ सेकंद करून बघते. खोटा पट्टा उडी मारून ३५० मीटरवर जातो, मासे जागचे हलत नाहीत.

उजेड उतरायला लागला की पट्ट्याची वरची कड सैल होते, मग तिरकी. त्या तिरक्या रेषेवरून वेग काढा. माझ्या एका नोंदीत ५०० वरून ५० मीटरवर यायला दोन तास लागले, म्हणजे सेकंदाला सहा सेंटिमीटर. बोटभर माशाने दोन तास दर सेकंदाला आपल्या लांबीएवढं चढत राहायचं, तेही रोज. वर प्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांची) पंगत असते आणि अंधारात शिकाऱ्याला ते सहज दिसत नाहीत, म्हणून हा खटाटोप.

सगळा पट्टा वर येत नाही. मागे एक फिकट पट्टी उरते. सायक्लोथोनसारखे बरेच मासे खालीच राहतात, यंत्र बिघडलेलं नसतं.

पौर्णिमेच्या आसपास ते थोडे खालीच थबकतात, तेव्हा नोंदीत चंद्राची तिथी लिहाच. आणि डेकवरचे दिवे मालवायला सांगा. यावरून कुरबुर होते, पण दिवे लागले की जहाजाखालचे मासे दबतात आणि तुम्ही मोजता ती जहाजाची भीती.

उतरताना पाहायचं असेल तर गजर उजाडण्याच्या चांगला तासभर आधीचा लावा. सूर्य वर येईपर्यंत ते खाली पोचलेले असतात.