व्हिडिओ लायब्ररीत येत नाही? आधी ओरिजिनलला हात लावू नका

लग्नाच्या स्टुडिओत नवीन लागलेल्याला पहिलं काम मिळतं ते कार्ड खाली करायचं. मलाही तेच मिळालं. दोन हार्ड डिस्कवर कॉपी मारायची आणि मग सगळं फोटो लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करायचं. फोटो निमूट येतात, व्हिडिओ नखरे करतात. शेवटी एक चौकट उघडते, 'या फाइल्स घेता आल्या नाहीत', आणि खाली यादी. रात्रीचा दीड वाजलेला असतो, सकाळी दुसऱ्या लग्नाला निघायचं असतं, बोट आपोआप 'ओके'वर जातं. जाऊ देऊ नका. आधी मोबाइलने त्या यादीचा फोटो काढा.

मी यादी नीट वाचली होती. माझी चूक त्याच्या पुढची आहे.

पहिलाच सिझन, सांगलीजवळचं लग्न. ऐन अंतरपाटाच्या वेळी आमच्या व्हिडिओवाल्याची बॅटरी संपली. नवरीच्या भावाने घरच्यांच्या मोबाइलवरच्या 23 क्लिप्स पेन ड्राइव्हवर आणून दिल्या. सगळ्या एमओव्ही. 14 आल्या, 9 अडल्या. एक्स्टेंशन (फाइलच्या नावाच्या शेवटची अक्षरं) तेच, पेन ड्राइव्ह तोच, मग काही येतात आणि काही नाही, हे कसं? मला वाटलं सॉफ्टवेअरला एमओव्ही पचत नसेल. मी त्या 9 फाइल्सची नावं बदलून शेवटी एमपी4 केलं. तरी नाही.

इथे जरा थांबते, कारण याच जागी मी फसले आणि दर वर्षी नवी मुलं इथेच फसताना बघते. एमओव्ही, एमपी4, एव्हीआय ही डब्यांची नावं आहेत. आतलं चित्र कुठल्या पद्धतीने दाबून भरलंय ते कोडेक ठरवतो. मिठाच्या डब्यावर 'साखर' अशी चिठ्ठी लावून चहा गोड होत नाही. एक्स्टेंशन बदलणं म्हणजे ती चिठ्ठी बदलणं, आतलं जसंच्या तसं राहतं. उलट बाजूही तितकीच खरी: एकसारख्या दोन डब्यांत दोन वेगळ्या वस्तू असू शकतात. माझ्या 14 क्लिप्स एका जुन्या फोनमधल्या होत्या, आत एच.264 हा जुना कोडेक. उरलेल्या 9 नव्या आयफोनवरच्या, आत एचइव्हीसी हा नवा कोडेक. 2017 मध्ये आयओएस 11 आलं तेव्हापासून आयफोन 7 आणि पुढचे फोन मुळातूनच एचइव्हीसीमध्ये रेकॉर्ड करतात. आमच्या स्टुडिओतलं सॉफ्टवेअर 2015 सालचं. त्याला हा प्रकार ठाऊक कुठून असणार? फाइल्स ठणठणीत होत्या. 'सपोर्टेड नाही' याचा अर्थ 'मला वाचता येत नाही' एवढाच असतो, 'फाइल खराब आहे' असा नसतो. हे वाक्य मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

सांगितलं ते भलतंच. स्टुडिओतले सर म्हणाले, "ऑनलाइन कन्व्हर्टरला टाक की, दोन मिनिटांचं काम." रात्रभर अपलोड चाललं. सकाळी 9 फाइल्स मिळाल्या, आल्याही झटकन. मग मी त्या 'बिनकामाच्या' ओरिजिनल पुसल्या आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून परत दिला. नीटनेटकेपणा! फिल्म दाखवायच्या दिवशी टीव्हीवर सगळं पुसट, कोपऱ्यात कन्व्हर्टरचा वॉटरमार्क. भावाने फोनमधलं जागा नाही म्हणून डिलीट केलेलं. 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये तीस दिवस राहतं, म्हणून 6 क्लिप्स सापडल्या. अंतरपाटाची सापडली नाही.

तेव्हापासून दोन मिनिटांचं काम म्हटलं की मी सावध होते. शॉर्टकट सांगणारा वरिष्ठ नेहमी चुकतोच असं नाही, पण निस्तरायला तो नसतो.

आता मी काय करते. अडलेली फाइल आधी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावते. व्हीएलसी स्वतःचे कोडेक सोबत घेऊन फिरतो, त्यामुळे त्याला बहुतेक सगळं वाचता येतं. तिथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट चाललं तर घाबरायचं कारण नाही, दुखणं सॉफ्टवेअरचं आहे. मग फाइलची आतली माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये उघडून कोडेक बघायचा. एचइव्हीसी निघाला तर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालते का बघा, नाहीतर हँडब्रेक या कन्व्हर्टर सॉफ्टवेअरमध्ये एच.264 ची वेगळी कॉपी बनवा. ओरिजिनल जागेवरच. कोडेक ओळखीचा आणि फक्त डबा अनोळखी असेल तर एफएफएमपेग नावाच्या साधनाने रीमक्स करा: चित्र परत न दाबता नुसतं दुसऱ्या डब्यात ओतलं जातं, म्हणून दर्जा जात नाही.

व्हीएलसीमध्येही चाललं नाही तर आधी साइझ बघा. कार्डावर 3.8 जीबी आणि डिस्कवर 1.2 जीबी असेल तर कॉपी अर्धवट झालीय, परत मारा. म्हणूनच कार्ड फॉरमॅट करायची घाई नको म्हणते. साइझ बरोबर असूनही चालत नसेल तर रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी गेली असण्याची शक्यता मोठी. एमपी4 आणि एमओव्हीमध्ये 'मूव्ह' नावाची अनुक्रमणिका असते, आणि बरेच कॅमेरे ती रेकॉर्डिंग थांबवताना लिहितात. ती नसली की पानं आहेत पण पुस्तक उघडत नाही. अनट्रंक नावाचं साधन त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली फाइल नमुना म्हणून घेतं आणि तुटलेली जोडायचा प्रयत्न करतं. दर वेळी जमत नाही, पण जमतं तेव्हा रडायला येतं.

एव्हीसीएचडी या पद्धतीत रेकॉर्ड करणाऱ्या जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड आलं तर आतल्या एमटीएस, म्हणजे व्हिडिओच्या, फाइल्स तेवढ्या वेचून घेऊ नका, 'प्रायव्हेट' फोल्डर अख्खा उचला. लांब शॉट तुकड्यांत पडलेला असतो आणि ते तुकडे कसे जुळतात याची माहिती शेजारच्या फोल्डरांत असते.

नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवू देऊ नका, दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. आयफोनवाल्यांना लग्नाआधीच सांगते, सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा, म्हणजे पुढचं एच.264 मध्ये रेकॉर्ड होतं. आधी घेतलेल्या क्लिप्स त्याने बदलत नाहीत, हे दोनदा सांगावं लागतं.

इतकं करून फाइल आली आणि तरी दिसेना, तर तारीख तपासा. कन्व्हर्ट केलेल्या फाइलवर आजची तारीख पडू शकते. तारखेची जागा रिकामी राहिली तर काही ठिकाणी 1904 दिसतं, कारण या डब्यांचं घड्याळ 1 जानेवारी 1904 पासून मोजतं. शिवाय ते यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर चालतं. त्यामुळे 12:40 च्या मुहूर्ताची क्लिप कधीकधी सकाळी 7:10 ला, हळदीच्या फोटोंच्या आसपास जाऊन बसते. मी एकदा तासभर शोधत होते. आता आधी साडेपाच तास मागे बघते, मग एक्झिफटूल या फाइलची माहिती बदलणाऱ्या साधनाने वेळ दुरुस्त करते, अर्थात कॉपीवर.

पेन ड्राइव्ह मात्र फिल्म घरच्यांनी बघून झाल्याशिवाय परत देत नाही. सर चिडतात, चिडू देत.