अळ्या शोधायला मुलांना नेताना

ब्रेटो इंडेक्स, म्हणजे वस्तीत डासांच्या अळ्या किती पसरल्यात ते सांगणारा आकडा, फळ्यावर शिकवला की दुसऱ्याच दिवशी मी मुलांना वस्तीत नेते. चौघांचा गट, टॉर्च, पांढरी वाटी, वही. आशाताईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. नळाला पाणी यायच्या वेळी मात्र जाऊ नका. मी बोलणी खाल्ली आहेत.

रांजण, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली मुलांनाच तपासू द्या. अळी वाटीत घ्या, डासाची जात कळते. पाण्याशी समांतर पडून राहिली तर अ‍ॅनोफिलीस. डोकं खाली करून तिरकी लटकली तर एडिस किंवा क्युलेक्स. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाहीत.

शंभर घरांमागे अळ्यांची भांडी किती, हा ब्रेटो इंडेक्सचा हिशेब तिथेच ओट्यावर बसून करायचा. आणि रांजण घरच्यांना विचारल्याशिवाय ओतायचा नाही. ते पाणी कुणीतरी डोक्यावरून आणलेलं असतं.