प्रश्नावली घ्यावी की संरचित मुलाखत?

समाजशास्त्रीय पाहणीसाठी साधन निवडताना गुणदोषांची यादी पाठ करण्यापेक्षा, आपल्या विषयात चूक कोणत्या वाटेने शिरेल याचा अंदाज आधी घ्यावा. दोन्ही साधनांत सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले जातात, त्यामुळे उत्तरांची तुलना करता येते, ती आकड्यांत मांडता येतात आणि दुसऱ्या संशोधकाला तीच पाहणी पुन्हा करून पाहता येते. प्रत्यक्षार्थवादी, म्हणजे समाजाचा अभ्यास नैसर्गिक विज्ञानांच्या पद्धतीने करावा असे मानणाऱ्या, संशोधकांना ही साधने प्रिय आहेत ती या विश्वसनीयतेमुळेच. फरक इतकाच, की प्रश्नावली उत्तरदाता स्वतः भरतो, तर संरचित मुलाखतीत मुलाखतकार अनुसूचीतील (आधी ठरवलेल्या यादीतील) प्रश्न वाचून उत्तरे नोंदवतो.

उत्तरदाते दूरवर विखुरलेले असतील, पैसा कमी असेल किंवा विषय व्यसन अथवा घरगुती हिंसेसारखा नाजूक असेल, तर निनावी प्रश्नावली सोयीची ठरते. मात्र ती कोण परत पाठवत नाही, यावर सतत लक्ष ठेवावे लागते. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या नियतकालिकाने कल जाणून घेण्यासाठी सुमारे एक कोटी नमुना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकतील असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारींच्या नोंदींतून, म्हणजे तुलनेने सुस्थितीतील लोकांचे, घेतले होते, शिवाय उत्तर देणारे व न देणारे सारख्या मताचे नव्हते. नमुना मोठा असला म्हणजे तो प्रातिनिधिक असतोच असे नाही. प्रश्नही मोजके ठेवावेत: कार्ल मार्क्स यांनी १८८० मध्ये फ्रेंच कामगारांसाठी सुमारे शंभर प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, तिच्या २५,००० प्रती वाटल्या गेल्या, पण उत्तरे फारच थोडी आली. (त्यांतील कित्येक प्रश्नांना थकलेला कामगार काय उत्तर देणार, हाही प्रश्नच आहे.)

संरचित मुलाखतीत समोर माणूस असल्याने प्रतिसाद वाढतो आणि वाचता न येणाऱ्यांचाही समावेश होतो, पण मुलाखतकाराचे वय, लिंग, वर्ग, एवढेच काय आवाजाची धाटणीही उत्तरावर परिणाम करते, आणि लोक चारचौघांत शोभेल तेच सांगतात. म्हणून मुलाखतकारांना प्रशिक्षण द्यावे आणि प्रश्न शब्दशः वाचण्याची सक्ती करावी; त्यासाठीचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.

माझ्या मते अधिक गंभीर अडचण वैधतेची, म्हणजे जे मोजायचे तेच खरोखर मोजले जाते का याची, आहे आणि तिच्यातून दोन्ही साधने सुटत नाहीत. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर १९३० ते १९३२ या काळात एका चिनी जोडप्यासह अमेरिकेत फिरले, तेव्हा २५१ हॉटेले व खानावळींपैकी एकाच ठिकाणी नकार मिळाला; पुढे पत्राने विचारल्यावर मात्र उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी ग्राहकांना प्रवेश देणार नाही असे कळवले. उत्तर लिहिणारी व्यक्ती आणि दारात भेटलेली व्यक्ती वेगळी असू शकते, हे मान्य करूनही, वर्तनाविषयीचा निष्कर्ष केवळ उत्तरांवरून काढू नये. निरीक्षणाची जोड द्यावी.

बंदिस्त प्रश्नांत पर्याय संशोधकच ठरवतो, म्हणजे उत्तरांची चौकट आधीच आखलेली असते. यासाठी पूर्वचाचणी, म्हणजे मुख्य पाहणीआधी थोड्या लोकांवर प्रश्न तपासून पाहणे, टाळू नये. तिच्यात काही उत्तरदात्यांना प्रत्येक प्रश्नाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावा, एकाच वाक्यात दडलेले दोन प्रश्न वेगळे करावेत आणि ‘इतर’ या पर्यायाखाली बरीच उत्तरे गोळा होत असतील तर पर्याय नव्याने बांधावेत. तरीही अर्थ जुळत नसतील, तर आधी ठरावीक प्रश्नांशिवाय काही मुक्त मुलाखती घेऊन लोकांचीच भाषा समजून घ्यावी आणि मगच प्रश्नावली लिहायला बसावे.